बाखचे इन्व्हेन्शन्स आणि सिन्फोनिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पियानो किंवा कीबोर्ड शिकणाऱ्यांकडून, त्यांच्या आईबाबांकडून आणि आपलं शास्त्रीय संगीत शिकलेल्या पण या बाजूला डोकावून बघणाऱ्या मंडळींकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी टाकतोय. काही उत्तरं लांबलीत, तिथे मलाच थांबता आलं नाही.

हे इन्व्हेन्शन्स म्हणजे नक्की काय आहे?

योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराने शिकवण्यासाठी लिहिलेल्या ३० छोट्या रचना. त्यातल्या १५ दोन आवाजांच्या (आवाज म्हणजे इथे एक स्वतंत्र चाल, एका गळ्यातून आल्यासारखी), त्यांना इन्व्हेन्शन म्हणतात, आणि १५ तीन आवाजांच्या, त्यांना सिन्फोनिया म्हणतात. जुन्या पुस्तकांत सिन्फोनियांनाही थ्री-पार्ट इन्व्हेन्शन्स असंच छापलेलं असतं, तेव्हा दुकानात गोंधळू नका, वस्तू एकच आहे. बाखच्या रचनांच्या यादीत यांचे नंबर बी.डब्ल्यू.व्ही. ७७२ ते ८०१. एकेक रचना एक-दोन पानांची, बऱ्याचशा दोन मिनिटांच्या आत संपतात, आणि तरी त्या बसवायला कधीकधी दोन महिने जातात.

कोणासाठी लिहिले होते?

थोरल्या मुलासाठी. विल्हेल्म फ्रीडेमान बाख, जन्म नोव्हेंबर १७१०. तो नऊ वर्षांचा असताना, २२ जानेवारी १७२० ला, जर्मनीतल्या क्योथेन गावी बाखने त्याच्यासाठी एक वही सुरू केली. बाख तेव्हा तिथल्या राजपुत्र लिओपोल्डच्या दरबारात संगीतप्रमुख होता. वहीत सुरुवातीलाच सूर कुठे लिहायचे, अलंकारांच्या खुणा कशा वाचायच्या, मग बोटं घालून दिलेला एक छोटा तुकडा, असं करत करत पुढे हे दोन आणि तीन आवाजांचे तुकडे येतात. तिथे त्यांची नावं वेगळी आहेत, दोन आवाजांच्यांना प्रेअ‍ॅम्ब्युलम आणि तीनवाल्यांना फँटेसिया. काही पानं बापाच्या अक्षरात, काही मुलाच्या. ही वही आज अमेरिकेत येल विद्यापीठात आहे.

मग १७२३ मध्ये बाखने हे सगळे तुकडे नीट सुधारून, नव्याने क्रम लावून, स्वच्छ अक्षरात एक प्रत केली, आता बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात असलेली. त्याच वर्षी तो क्योथेन सोडून लाइपझिगला गेला. बाखच्या हयातीत हे तुकडे छापले गेलेच नाहीत, विद्यार्थी एकमेकांच्या वहीतून उतरवून घ्यायचे.

म्हणजे बोटांचे व्यायामच ना?

नाही, आणि याच गैरसमजामुळे अर्धे लोक यांना कंटाळतात. १७२३ च्या प्रतीवर बाखने लांबलचक शीर्षक लिहिलंय, त्यात हेतू स्पष्ट सांगितलाय. क्लाविअरवर (म्हणजे पट्ट्यांच्या कुठल्याही वाद्यावर) प्रेम असणाऱ्यांना, विशेषतः शिकायची हौस असणाऱ्यांना, दोन आवाज स्वच्छ वाजवता यावेत, पुढे तीन आवाज नीट हाताळता यावेत, शिवाय चांगल्या कल्पना सुचाव्यात, त्या फुलवता याव्यात, सगळ्यात जास्त म्हणजे वाजवणं गाण्यासारखं व्हावं, आणि रचना करण्याची चव लागावी. आता बघा, या यादीत वेग कुठेही नाही. बोटांची ताकद नाही. वादन आणि रचना ही दोन कामं एकाच माणसाने एकाच वेळी शिकायची असं तो धरूनच चाललाय. आज आपण याचं फक्त वादन उचललं, रचनेचं निम्मं काम टाकून दिलं, आणि मग तक्रार करतो की तुकडे कोरडे आहेत.

आपल्याकडे वाद्य शिकवताना गुरुजी सांगतात ना, गायकी अंगाने वाजव, तीच अपेक्षा इथे आहे, फक्त एकाच वेळी दोन गळ्यांची.

काउंटरपॉइंट म्हणजे जुगलबंदीच का?

जवळ आहे पण तेच नाही. जुगलबंदीत बहुतेक वेळा एक बोलतो तेव्हा दुसरा थांबतो किंवा साथ धरतो, आणि खालून तानपुरा एकच षड्ज देत असतो. काउंटरपॉइंटमध्ये दोघं एकाच वेळी बोलतात, दोघांची वाक्यं वेगळी, तरी प्रत्येक मात्रेला दोघांचे सूर एकमेकांशी जुळले पाहिजेत असा हिशोब असतो. वर षड्जही जागा बदलतो, म्हणजे रचना सी मेजरमध्ये (सी हा सा; मेजर म्हणजे शुद्ध ग, मायनर म्हणजे कोमल ग) सुरू होऊन मध्ये जी मेजर, ए मायनर असं फिरून घरी येते. आपल्या कानाला पहिल्यांदा हे सगळं गर्दीसारखं वाटतं. त्यावर उपाय एकच, एका वेळी एकच आवाज धरून ऐकायचा, पुढच्या वेळी दुसरा.

एखादा इन्व्हेन्शन उलगडून सांगा ना, शब्दांतच

पहिला घेऊ, सी मेजर. सी ला सा धरा. उजवा हात एक छोटी विश्रांती घेतो आणि वाजवतो : सा रे ग म रे ग सा, आणि प वर जाऊन टेकतो. झालं, एवढाच माल. २२ बारची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड, आपल्या आवर्तनासारखा) अख्खी रचना या एवढ्याशा तुकड्यातून निघालीय आणि हे सांगून खरं वाटत नाही, वाजवूनच बघावं लागतं.

उजव्याने म्हटलं की अर्ध्या बारनंतर डावा तेच एक सप्तक खाली म्हणतो. दुसऱ्या बारमध्ये दोघंही तेच प पासून म्हणतात. मग तिसऱ्या बारला बाख तुकडा उलटा करतो, जिथे वर चढत होता तिथे खाली उतरतो, जिथे उतरत होता तिथे चढतो : ध प म ग प म ध प. हा उलटा तुकडा एकेक पायरी खाली सरकत जातो आणि त्याच वेळी डावा हात खालून जे सावकाश चार सूर चढवत असतो ते मूळ तुकड्याचे पहिले चार सूरच आहेत, दुप्पट लांब केलेले. हे कोणी दाखवल्याशिवाय वर्षानुवर्षं लक्षात येत नाही, कारण आपलं सगळं लक्ष उजव्या हातावर.

सातव्या बारमध्ये रचना जी वर येऊन थांबते आणि तिथून दुसरा भाग सुरू होतो, पण आता तुकडा आधी डावा म्हणतो आणि उजवा मागून येतो. म्हणजे वरचं खाली, खालचं वर. पंधराव्या बारला ए मायनरमध्ये मुक्काम. त्यानंतरचे तीन-चार बार मला सगळ्यात आवडतात, एक हात एक लांब सूर धरून गप्प बसतो आणि दुसरा बोलतो, मग अदलाबदल, एकदा उलटा एकदा सुलटा. तिथून चढत चढत घरी. तीन भाग, तीन मुक्काम, एक तुकडा.

एक गंमत, याच इन्व्हेन्शनचं एक दुसरं रूपही आहे ज्यात मधल्या जागा भरून तुकडा तीन-तीन सुरांच्या घोळक्यात लिहिलाय, यादीत तो ७७२ए म्हणून सापडेल. तो ऐकला की एकच रचना किती वेगळी चालू शकते ते कळतं.

इन्व्हेन्शन आणि फ्यूग यात फरक काय?

फ्यूगमध्ये विषय, म्हणजे ज्यातून रचना निघते तो मूळ तुकडा, आधी एकटा येतो, दुसरा आवाज तो ठरलेल्या अंतरावर, सहसा पाचव्या सुरावरून, म्हणतो, आणि सगळे आवाज असे ओळीने आत येतात. इन्व्हेन्शनमध्ये एवढी शिस्त नाही. दुसरा आवाज बऱ्याचदा सप्तकाच्या अंतराने येतो, कधी पहिल्यापासूनच दोघं एकत्र सुरू होतात. सिन्फोनियांमध्ये तर बहुतेक वेळा वरचा आवाज विषय म्हणतो तेव्हा खाली बास आधीपासून चालू असतो. काही इन्व्हेन्शन कॅननच्या अंगाने जातात, दुसरा (सी मायनर) बघा, खालचा आवाज वरच्याच्या मागे दोन बार अंतर ठेवून तेच्या तेच म्हणत राहतो, आणि आठवा (एफ मेजर) एका बारच्या अंतराने सुरू होतो, पकडापकडी खेळल्यासारखा.

१५च का? स्केल तर २४ असतात

आठ मेजर आणि सात मायनर स्केल निवडलेत, चारपेक्षा जास्त शार्प किंवा फ्लॅट (अर्ध्या सुराने चढवलेले किंवा उतरवलेले सूर) असलेला एकही नाही. शिकणाऱ्याचा विचार आहे, आणि त्या काळच्या सूर लावायच्या पद्धतींत लांबचे स्केल बेसूर लागायचे हेही आहेच. चोवीसच्या चोवीस हवे असतील तर बाखच्याच वेल-टेम्पर्ड क्लाविअर या ग्रंथाचा १७२२ सालचा पहिला भाग आहे, तो पुढचा वर्ग.

फ्रीडेमानच्या वहीत क्रम वेगळा होता, आधी सोपे स्केल पायरीपायरीने वर चढत आणि मग उरलेले उतरत. १७२३ मध्ये सरळ सी पासून बी पर्यंत चढता क्रम लावला. म्हणजे छापील पुस्तकातला क्रम हा सोप्याकडून अवघडाकडे नाहीच. तरी लोक एक नंबर, दोन नंबर असं करत जातात आणि दोन नंबरलाच आपटतात.

मग सुरुवात कुठून करू?

माझं मत, चौथा, डी मायनर. विषय म्हणजे जवळजवळ एक स्केलच आहे, डी ला सा धरलं तर कोमल ग, कोमल ध, शुद्ध नि, म्हणजे किरवाणीचे सूर, त्यामुळे आपल्या कानाला लगेच ओळखीचा वाटतो. मजा म्हणजे चढत कोमल ध पर्यंत गेल्यावर तो एकदम खालच्या नि वर उडी मारतो, त्या उडीवर सगळा रंग आहे. फक्त मध्ये दोन ठिकाणी लांब ट्रिल (शेजारचे दोन सूर भरभर आलटून-पालटून) आहे, एकदा उजव्यात एकदा डाव्यात, ती पहिल्या फेरीला सोडून द्या, काही बिघडत नाही.

मग पहिला. मग आठवा, जो सगळ्यांना आवडतो आणि सगळे फार जोरात पळवतात. मग तेरावा, ए मायनर, तुटक कॉर्डवर चालणारा, हाताला छान बसतो. त्यापुढे चौदावा. दुसरा, बारावा आणि पंधरावा घाईने घेऊ नका. अकरावा (जी मायनर) आणि नववा (एफ मायनर) बोटांना फार अवघड नाहीत पण त्यातलं दुःख समजून वाजवायला थोडं वय लागतं असं मला वाटतं, पटलं नाही तर सोडून द्या.

किती येत असलं पाहिजे?

स्टाफ नोटेशन दोन्ही ओळींचं वाचता येत असावं, दोन्ही हात साध्या रचनेत वेगवेगळं काम करू शकत असावेत. परीक्षांच्या भाषेत सांगायचं तर एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या परीक्षा मंडळांच्या पाचव्या-सहाव्या ग्रेडच्या आसपासची पातळी, सिन्फोनिया त्याच्या वर. त्याआधी बाखचेच छोटे प्रेल्यूड आहेत, ते करा.

परीक्षेवरून एक बोलतो. मुंबई-पुण्यात बऱ्याच मुलांना एकच इन्व्हेन्शन माहीत असतो, जो त्या वर्षी परीक्षेला लावला होता तो. वर्षभर तोच घासायचा, मार्क आले की पुस्तक बंद. तीन इन्व्हेन्शन साधारण बरे वाजवणं हे एक चकाचक वाजवण्यापेक्षा जास्त शिकवतं, कारण दुसऱ्या-तिसऱ्याला कान आपोआप विषय शोधायला लागतो.

सराव कसा करायचा? हात वेगळे करून येतं, एकत्र केलं की सगळं कोसळतं

सगळ्यांचं कोसळतं. आपण जन्मभर उजव्या हाताने चाल आणि डाव्याने कॉर्ड वाजवलेली असते, डाव्याला बोलायची सवयच नाही.

आधी पेन्सिल घेऊन विषय जिथे जिथे येतो तिथे खूण करा, सुलटा, उलटा, अर्धवट, सगळे. मग मुक्काम शोधा, म्हणजे रचना कुठे कुठे टेकते, आणि तेवढे तुकडे पाडा. पानाच्या ओळीप्रमाणे तुकडे पाडू नका, मुक्कामाप्रमाणे पाडा. पहिल्या इन्व्हेन्शनमध्ये १ ते ७, ७ ते १५, १५ ते २२.

मग प्रत्येक आवाज एकटा वाजवा आणि गा. हो, गा, सरगममध्ये गा नाहीतर ला ला करा, लाज वाटत असेल तर दार लावून घ्या. आपल्याकडच्या लोकांचा इथे मोठा फायदा आहे, लहानपणी पेटीवर सरगम म्हटलेली मुलं हे पटकन करतात. एका हाताने एक आवाज वाजवायचा आणि दुसरा गायचा ही पुढची पायरी, ही आली की अर्धी लढाई संपली समजा. त्यानंतर दोन्ही हात, पण इतक्या सावकाश की चूक व्हायला वाव राहू नये, आणि एका वेळी दोन बारच. हात वेगळे करण्यात फार दिवस काढू नका, अडचण एकत्र आणण्यातच आहे तर तिथेच वेळ घालवायला हवा.

बोटं पहिल्या दिवशी ठरवा आणि लिहून ठेवा. रोज वेगळ्या बोटांनी वाजवलं तर हात काहीच शिकत नाही. शेवटचे चार बार आधी शिका, मग त्याच्या आधीचे चार, असं उलट्या दिशेने आलात तर रचना पुढे जाताना ओळखीची होत जाते, नाहीतर सगळ्यांचा पहिला बार सुंदर आणि शेवटचा कसाबसा असतो.

आणि विषय आला की तो ठोकून वाजवू नका कृपा करून. ऐकणाऱ्याला कळतं. दुसरा आवाज किंचित मागे घेतला तरी पुरतं.

बाखने वेग, हळू-मोठा आवाज काहीच लिहिलेलं नाही, माझ्या पुस्तकात तर सगळं लिहिलंय

मग तुमच्या पुस्तकात ते दुसऱ्या कोणीतरी घातलंय. बाखच्या प्रतीत वेगाची सूचना नाही, स्वर जोडण्याच्या खुणा अगदी थोड्या. एकोणिसाव्या शतकात चेर्नीसारख्या संपादकांनी स्वतःच्या आवडीने वेग, फोर्टे-पियानोच्या (मोठ्या-हळू आवाजाच्या) खुणा, लांबलचक स्लर (स्वर जोडणाऱ्या कमानी) असं सगळं भरलं, आणि स्वस्त पुनर्मुद्रणांत अजून तेच चालतं. उर्टेक्स्ट (संपादकाची भर नसलेला मूळ पाठ) लिहिलेली आवृत्ती घ्या, हेन्ले किंवा बेरेनरायटरची, महाग पडते पण आयुष्यभर जाते. मुंबईत किंवा गोव्यात फुर्टाडोजसारख्या दुकानात विचारा. पैसे नसतील तर आयएमएसएलपी या वेबसाइटवर जुन्या आवृत्त्या फुकट मिळतात आणि बाखच्या हस्ताक्षरातली प्रतही बघायला मिळते, ती तर बघाच, ओळी कशा लाटेसारख्या वाकवून लिहिल्यात ते बघून स्वर कुठे जोडायचे याचा अंदाज येतो.

वेग स्वतः ठरवायचा. सगळ्यात बारीक सूर ज्या वेगाला गाता येतात तो ठीक. जोडण्याचा साधा प्रघात असा की बारीक सूर जोडून आणि त्यांच्या दुप्पट लांबीचे थोडे सुटे, तिथून सुरुवात करा, मग कान सांगेल ते.

पेडल वापरू का?

शिकताना नको. पेडलने दोन आवाजांचा रस्सा होतो. जो सूर धरायचा तो बोटाने धरा.

ट्रिल आणि त्या नागमोडी खुणांचं काय?

फ्रीडेमानच्या वहीत बाखने स्वतः खुणांचा तक्ता दिलाय, प्रत्येक खूण आणि खाली ती कशी वाजते ते सूर लिहून. फ्रेंच संगीतकार दाँग्लबेअरच्या १६८९ मधल्या तक्त्यावरून तो घेतलेला आहे. मुख्य गोष्ट, ट्रिल साधारणपणे वरच्या सुरावरून सुरू होते. मॉर्डंट मूळ सुरावरून खाली जाऊन परत. पण पहिले काही आठवडे एकही अलंकार वाजवू नका. आपल्याकडेसुद्धा आधी सूर लागतो, मुरक्या नंतर.

घरी पियानो नाही, कीबोर्ड चालेल? पेटीवर वाजेल?

कीबोर्ड चालेल. बाखच्या या रचना चार सप्तकांत बसतात, त्यामुळे ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरतो. वजनदार पट्ट्या असतील तर उत्तम, नसतील तर अडून बसू नका, बाखच्या घरी तरी कुठे आजचा पियानो होता. तो क्लाविकॉर्ड आणि हार्प्सिकॉर्डवर शिकवायचा. हार्प्सिकॉर्डवर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच येतो. क्लाविकॉर्डवर आवाज नाजूक, पण बोटाने लहान-मोठा करता येतो. कीबोर्डवर हार्प्सिकॉर्डचा आवाज लावून एकदा वाजवून बघा, बोटांची सगळी अस्वच्छता उघडी पडते.

पेटीचा प्रश्न मला फार आवडतो. हातपेटीवर एकट्याने होणार नाही, एक हात भात्याला अडकलेला, आणि बहुतेक पेट्या तीन-साडेतीन सप्तकांच्या. पण संगीत नाटकात वापरायचे ती पायपेटी असेल तर दोन्ही हात मोकळे, मग सप्तकं पुरतील तेवढं वाजवता येतं. किंवा दोघं जण दोन पेट्या घेऊन बसा, एकाने वरचा आवाज घ्यायचा एकाने खालचा, खालच्याने गरज पडली तर सप्तक बदलायचं. दोन आवाज खरंच दोन माणसं आहेत हे इतकं स्पष्ट कुठेच ऐकू येत नाही, पियानोच्या क्लासमध्येसुद्धा नाही. पेटीवर सूर विरत नाही, धरून ठेवला की तसाच राहतो, त्यामुळे लांब सुरांचं महत्त्वही कळतं.

बाख बोटं कशी लावायचा?

वहीत दोनच तुकड्यांवर त्याने बोटं दिलीत. पहिल्यात सी मेजरचं स्केल उजव्या हाताने ३-४-३-४ असं चढवलंय (३ म्हणजे मधलं बोट, ४ म्हणजे अनामिका), अंगठा न घालता, मधलं बोट अनामिकेवरून उडी मारतं. जुनी पद्धत होती ती. पण फ्रीडेमानचा धाकटा भाऊ कार्ल फिलिप इमॅन्युएल १७५३ च्या आपल्या पुस्तकात सांगतो की वडिलांनी अंगठ्याचा वापर खूप वाढवला. म्हणजे दोन्ही पद्धती घरात होत्या. तुम्ही आजची लावा.

माझी मुलगी कंटाळते, काय करू?

बाखचे विद्यार्थीही कंटाळायचे. १८०२ मध्ये फोर्केल नावाच्या माणसाने बाखचं चरित्र लिहिलं, त्याची माहिती बाखच्या मुलांकडून आलेली. तो सांगतो की बाख सुरुवातीला कित्येक महिने नुसते स्पर्शाचे आणि बोटांचे पाठ करून घ्यायचा, त्याच्या मते सहा ते बारा महिने हेच चालायला हवं, पण कोणाचा धीर सुटतोय असं दिसलं की तिथेच बसून तेच पाठ गुंफलेले छोटे तुकडे लिहून द्यायचा. हे इन्व्हेन्शन्सही अशाच गरजेतून आले असं फोर्केलचं म्हणणं.

दुसरी गोष्ट गेर्बर नावाच्या विद्यार्थ्याची, लाइपझिगची. त्याच्या मुलाने लिहून ठेवलीय. आधी इन्व्हेन्शन्स, मग सुइट (नृत्याच्या चालींचे संच), मग वेल-टेम्पर्ड क्लाविअर असा त्याचा अभ्यासक्रम. आणि हा शेवटचा ग्रंथ बाखने त्याला स्वतः तीन वेळा वाजवून दाखवला, आज शिकवायचा मूड नाही असं निमित्त काढून वाद्यावर बसायचा आणि तासन् तास जायचे. तेव्हा मुलीला वाजवून दाखवा, नाहीतर तिच्याबरोबर खालचा आवाज तुम्ही घ्या. एकटीला खोलीत बसवून मेट्रोनोम लावलात तर मीही कंटाळेन.

सगळ्यांना येतं ते जी मेजरचं मिन्युएट बाखचंच ना?

नाही. ते बाखची बायको आना माग्दालेना हिच्या १७२५ च्या वहीत आहे म्हणून बाखच्या नावावर खपलं, रचना क्रिस्टियान पेट्झोल्डची.

कोणाचं ऐकू?

पियानोवादक ग्लेन गूल्डचं १९६४ चं रेकॉर्डिंग ऐका, त्याने क्रमच बदललाय, प्रत्येक इन्व्हेन्शनला त्याच स्केलचा सिन्फोनिया जोडलाय. आवाज वेगळे ऐकू येणं म्हणजे काय ते तिथे कळतं, पण त्याचा वेग आणि टोकदारपणा उचलू नका, तो त्याचा आहे. अन्द्राश शिफ या दुसऱ्या पियानोवादकाचं जास्त गाणारं. वेंडी कार्लोसच्या १९६८ च्या सिंथेसायझरवाल्या रेकॉर्डमध्ये एफ मेजर, बी फ्लॅट मेजर आणि डी मायनरचे इन्व्हेन्शन आहेत, प्रत्येक आवाजाला वेगळा रंग, मुलांना हमखास आवडतं.

आपल्याकडचा धागा हवा असेल तर हिंदी सिनेमातल्या जुन्या गाण्यांमागचे काउंटर ऐका. गोव्यात चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकून मुंबईला आलेल्या सेबास्टियन डिसूझांसारख्या अरेंजरनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांत गायकाच्या मागे व्हायोलिनची जी दुसरी स्वतंत्र चाल ठेवलीय ती याच विचाराची आहे.

सिन्फोनिया कधी घ्यायचे?

चार-पाच इन्व्हेन्शन झाल्यावर. तीन आवाज आणि हात दोन, त्यामुळे मधला आवाज कधी उजव्याच्या अंगठ्याकडे कधी डाव्याच्या, आणि ऐकणाऱ्याला तो एकाच गळ्यातून आल्यासारखा वाटला पाहिजे. यासाठी मधला आवाज एकटा, पण ठरलेल्या बोटांनी आणि ठरलेल्या हातांनी वाजवायचा सराव करा. नववा सिन्फोनिया, एफ मायनर, हा माझ्या मते सगळ्या तीसांत सर्वांत खोल आहे. अर्ध्या अर्ध्या सुराने खाली घसरणारा एक विषय, उसासे टाकणारा दुसरा, त्यांच्याशी गुंतलेला तिसरा, आणि तिन्ही विषय तिन्ही आवाजांत जागा बदलत राहतात. तो शेवटी घ्या.

यातून रचना करायला खरंच शिकता येतं?

बाखच्या मते त्यासाठीच तर होतं. कार्ल फिलिप इमॅन्युएलने फोर्केलला पत्रात कळवलं होतं की वडील विद्यार्थ्याकडून कल्पना सुचण्याची अपेक्षा पहिल्यापासून ठेवायचे, आणि ज्याला काहीच सुचत नाही त्याला रचनेच्या वाटेला जाऊ नको असा सल्ला द्यायचे. जरा कडकच. आपण तेवढं कडक व्हायला नको.

असं करून बघा. पाच-सात सुरांचा एक तुकडा घ्या, ज्यात एक तरी उडी आहे आणि ज्याची लय लक्षात राहते. तो उलटा करून बघा, उलटा केल्यावरही बरा वाटतोय का. नसेल तर दुसरा घ्या, इथेच वेळ घालवा. मग उजव्यात तो, अर्ध्या किंवा एका बारने डाव्यात सप्तक खाली तोच, आणि डावा बोलत असताना उजव्याने काय म्हणायचं ते शोधा. शोधताना मुख्य मात्रांवर दोन सुरांचं अंतर तिसऱ्याचं किंवा सहाव्याचं ठेवा, सा वर ग किंवा ग वर वरचा सा. कारण पुढे वरचं खाली आणि खालचं वर करायचंय, आणि अदलाबदल केल्यावर तिसऱ्याचं सहाव्याचं होतं, सहाव्याचं तिसऱ्याचं, दोन्ही गोड. पण सा-प असं पाचव्याचं अंतर ठेवलंत तर उलटल्यावर ते प-सा असं चौथ्याचं होतं, आणि नुसत्या दोन आवाजांत ते त्या काळी विसंवादी धरायचे. बाखच्या दोन आवाजांत जोरदार मात्रेवर तिसरं-सहावं इतकं का भेटतं याचं एक मोठं कारण हे आहे, आणि ते स्वतः चार बार लिहून अडकल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

मग तुकडा प पासून म्हणा, एक मुक्काम करा, हात बदला, घरी या. आठ बार पुरेत.

तीसच्या तीस करायलाच हवेत का?

नाही हो. सात-आठ नीट करा, बाकीचे नोटेशन समोर ठेवून नुसते ऐका. वेल-टेम्पर्ड क्लाविअरकडे जायचं असेल तर मात्र निदान तीन सिन्फोनिया हाताखालून गेलेले असू द्या, नाहीतर पहिल्याच फ्यूगला चार आवाज समोर येतात.